गोलमागचा माणूस

भीमराव तायडे या माणसाशी माझं एकदाही पटलेलं नाही. ते माझे सख्खे मेहुणे आहेत, माझ्याहून बरेच मोठे आहेत आणि मला ओमानला आणणारेही तेच. यातलं शेवटचं ते मला कधी विसरू देत नाहीत. मी मस्कतला हमरियात एका खोलीत राहतो आणि कुरुमच्या एका विमा कंपनीत कामाला जातो. गाडी ठोकून आलेली माणसं किती तऱ्हांनी खोटं बोलतात, हे मी दिवसभर ऐकून घेतो. तरी महिन्यातून एकदा सोहारला ताईच्या घरी गेलो की तासाभरात वाटायला लागतं, ऑफिसातच बरं होतं.

भाऊजी सोहारच्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर आहेत. त्यांच्या विभागाच्या दारात 'अपघात : शून्य' अशी मोठी पाटी आहे, आणि ती पाटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घरातही त्यांना शून्यच लागतं. गॅसचं बटण तिरकं राहिलं की चौकशी, चप्पल उलटी पडली की चौकशी. चौकशीत प्रश्न तेच विचारतात आणि उत्तरही तेच देतात. एकदा आम्ही सगळे हॉटेलात गेलो. मी मसाला डोसा मागितला. भाऊजी वेटरला म्हणाले, "इसको सादा दो, इसको ॲसिडिटी है." मला ॲसिडिटी नाही. तेव्हाही नव्हती. पण मी साधा डोसा खाल्ला, कारण ताई माझ्याकडे बघत होती.

माझी बहीण सुलोचना या माणसाबरोबर वीस वर्षं संसार करते आहे. ती घरी गणिताच्या शिकवण्या घेते. नवऱ्यासमोर ती बहुतेक मूग गिळून असते. तिचं म्हणणं, माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मी म्हणतो, घाबरट माणसानं स्वतः घाबरावं, घराला का घाबरवावं?

आता न्यायाचं बोलायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी. भाऊजी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या बौद्धवाड्यातून इंजिनिअर झालेले ते पहिले. शाळेत गणित चुकलं की मास्तर म्हणायचे, "तुमचं डोकं यात चालायचं नाही." हे 'तुमचं' एकट्या भीमरावाचं नसायचं, अख्ख्या वाड्याचं असायचं. पुढे कॉलेजात एका विषयात ते नापास झाले, पण ते त्यांनी घरी कुणाला कळू दिलं नाही. ताईला ते लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, त्यांच्या एका मित्राच्या तोंडून कळलं. "आपल्या माणसाची एक चूक लोक शंभर जणांच्या नावावर मांडतात," असं भाऊजी म्हणतात. हे खोटं नाही. मीही त्याच समाजातला आहे, मलाही ते ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं, आणि त्या भीतीची छडी करून पोरीच्या पाठीवर उगारणं वेगळं.

पोरगी म्हणजे तृप्ती, माझी एकुलती एक भाची. सतरा वर्षांची, बारावीत, बापापेक्षा उंच आणि शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. सहावीत असताना गोलमध्ये उभं राहायला एकही मुलगी तयार नव्हती, कारण तिथं बॉल तोंडावर येतो. ही उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. मैत्रिणींशी ती फडाफडा इंग्रजी बोलते, माझ्याशी अडखळत मराठी. मला ते अडखळणं आवडतं, भाऊजींना त्याचीही लाज वाटते.

तृप्तीला काय हवं होतं, ते साधं होतं. अमेरिकेतल्या कॉलेजात फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर जायचं आणि फिजिओथेरपीकडे नेणारं काहीतरी शिकायचं. ते जमलं नाही तर भाऊजींचं ठरलेलं होतं. पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश, हॉस्टेल, आणि फुटबॉल बंद. तिला एकदा मी विचारलं, तुला खेळायला जायचंय की घरातून जायचंय? ती म्हणाली, "मामा, दोन्ही सेम आहे ना."

ही स्कॉलरशिपची वाट तिला उमामानं दाखवली. उमामा ही सोहारचीच ओमानी बाई, मुलींच्या गोलकीपरांना शिकवते. ती स्वतः अशाच स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकून आली आहे. भाऊजींना वाटलं होतं, स्कॉलरशिप म्हणजे आपल्याकडच्यासारखी असणार. अर्ज भरायचा, दाखले जोडायचे, गुणवत्ता यादीत नाव बघायचं. उमामानं त्यांना समोर बसवून सांगितलं, यादीबिदी काही नसते. एकेका कॉलेजच्या कोचकडे ठरावीक रक्कम असते आणि टीममध्ये ठरावीक जागा. गोलकीपरची तर एखाद्या वर्षी एकच, नाहीतर तीही नाही. ज्या वर्षी तुमची मुलगी बारावी होते, त्याच वर्षी त्या कोचला गोलकीपर हवी असायला लागते. खेळाचे पैसे सहसा अर्धेमुर्धेच मिळतात, उरलेले अभ्यासातल्या मार्कांवर मिळवावे लागतात, म्हणून नववीपासूनचे मार्क बघतात. तिथल्या कॉलेजांच्या खेळाच्या संघटनेकडे नाव नोंदवायचं. खेळून रोख रक्कम शक्यतो घ्यायची नाही, नाहीतर पुढे प्रश्न विचारतात. आणि सोहारपर्यंत खेळ बघायला कुणी कोच येणार नाही, तेव्हा सगळं व्हिडिओवर. आधी चार-पाच मिनिटांचा निवडक, तो आवडला तर पूर्ण मॅचचा.

"आणि ईमेल मुलीनं स्वतः लिहायचा," उमामा म्हणाली. "कोचला तिच्याबरोबर चार वर्षं काढायचीत, तुमच्याबरोबर नाही."

भाऊजींनी मान डोलवली आणि घरी येऊन ईमेल स्वतः लिहायला घेतला. पालथ्या घड्यावर पाणी! सरकारी अर्जाच्या इंग्रजीत त्यांनी सविनय विनंती केली, खाली तृप्तीचं नाव टाकलं, आणि सोबत तिसरीतल्या हस्ताक्षर स्पर्धेचं प्रमाणपत्रसुद्धा जोडलं. असे ढीगभर ईमेल त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांना पाठवले. एका कोचचं उत्तर आलं. त्यानं विचारलं होतं, आपण या मुलीचे एजंट आहात का?

भाऊजींना यात अपमान दिसला, आपली चूक काही दिसली नाही.

नोव्हेंबरमध्ये मस्कतला शाळांची स्पर्धा झाली. तृप्तीच्या शाळेची सेमीफायनल मस्कतच्या एका तगड्या शाळेशी होती. संध्याकाळची वेळ, दिवे लागलेलं मैदान. मी हमरियाहून केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो. उमामानं सांगून ठेवलं होतं की प्रत्येक मॅच पूर्ण रेकॉर्ड करायची, गोलच्या मागून आणि आवाजासकट. गोलकीपर आपल्या मुलींना ओरडून कशी उभी करते, हेही कोच ऐकतात म्हणे. म्हणून भाऊजी गोलमागे स्टँडवर फोन लावून उभे होते. कारखान्यात तपासणीला जातात तसे, हात मागे बांधून.

पहिला गोल झाला आणि त्यांचे हात सुटले.

"अवं, आंधळी झाली का वं!"

भाऊजी एरवी पुस्तकातलं मराठी बोलतात. रागावले की त्यांच्यातलं वऱ्हाड बाहेर येतं. दुसरा गोल झाला. "हात मोडले का तुहे?" तिसरा झाला. "काढा तिले बाहेर! दुसरीले उभं करा!" आजूबाजूचे आईबाप केव्हाच दूर सरकले होते. त्यांतल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, पण असल्या आवाजाला भाषा लागत नाही. रेफ्री येऊन म्हणाला, सर, प्लीज. भाऊजी त्याच्या अंगावर गेले, "आय ॲम फादर!" जणू ते लायसन्सच. ताई खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला, तर त्यांनी तो हिसडून सोडवला.

चौथा गोल झाला तेव्हा ते म्हणाले, "नाक कापलं माह्यं! अख्ख्या मस्कतसमोर नाक कापलं!"

चार-एकनं हरलो. पण मी त्या दिवशी स्कोअर बघत नव्हतो, पोरीची पाठ बघत होतो. बाप तिच्यापासून दहा पावलांवर उभा राहून ओरडत होता आणि ती एकदाही मागे वळली नाही. प्रत्येक गोलनंतर जाळीतून बॉल काढायची, स्वतःशीच मोठ्यानं म्हणायची, "खलास," आणि बॉल मारून पुन्हा बचावाच्या मुलींना ओरडायची. सादिया, डावीकडे! वर या, वर या! चौथ्या गोलनंतर तिनं असे दोन बॉल अडवले की समोरच्या शाळेच्या पोरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर उमामानं तिला एवढंच विचारलं, तिसरा कसा गेला? तृप्ती म्हणाली, मी एक पाऊल जास्त पुढे होते. बस.

यानंतर तृप्तीनं बापाला न सांगता, उमामाच्या शेजारी बसून, स्वतः ईमेल लिहिले. चार ओळींचे. मी गोलकीपर, उंची एवढी, मार्क एवढे, हा व्हिडिओ, तुमच्याकडे पुढच्या वर्षी जागा आहे का? ओहायोमधल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचचं तीन दिवसांत उत्तर आलं. मेलिसा नावाची बाई. तिची गोलकीपर पास होऊन जाणार होती आणि जागा एकच होती. व्हिडिओ आवडला, म्हणाली. आता दोन पूर्ण मॅच पाठव, त्यातली एक तू हरलेली असू दे. आवाजासकट.

निवडक व्हिडिओ उमामानं आधीच करून ठेवला होता, पण पूर्ण मॅचची सगळी रेकॉर्डिंग भाऊजींच्या फोनमध्ये. त्यामुळे गोष्ट त्यांच्यापर्यंत गेलीच. लपवून ईमेल केल्याबद्दल आधी आकांडतांडव झालं. मग त्यांनी सूत्रं हातात घेतली, आणि हरलेली मॅच मागितलेली असताना जिंकलेली पाठवली. नऊ-शून्यची! त्या मॅचमध्ये बॉल तृप्तीपर्यंत पोचलाच नव्हता. पोरगी अर्धा वेळ गोलच्या खांबाला टेकून उभी होती. मेलिसाचं उत्तर आलं, तुझी टीम छान आहे, पण गोलकीपर काही मला दिसली नाही. हरलेली मॅच पाठव. मला या रविवारपर्यंत ठरवायचंय, माझ्यापुढे अजून दोन मुली आहेत.

भाऊजींनी तृप्तीच्या नावानं उत्तर ठोकलं की आमच्याकडे हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग नाही.

शुक्रवारी सकाळी तृप्तीचा फोन आला. "मामा, तू ये. पप्पा माझं सगळं स्पॉइल करून राहिलेत." वऱ्हाडी तिच्या तोंडी फक्त बापाच्या रागातून आलेलं आहे. मी गाडी काढली आणि दुपारच्या जेवणाला सोहारला पोचलो.

ताटं वाढलेली होती. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "वकील आला."

"भाऊजी, ती मॅच पाठवा."

"चार गोल खाल्लेली मॅच पाठवू? जगात कुणी नापासाची मार्कशीट जोडतं का अर्जाला?"

"त्यांनी तीच मागितली आहे."

"ते मागतील. आपण द्यायची नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "अश्विन, तुला माहीत नाही का? गोऱ्याची पोरगी चार गोल खाते तेव्हा तिचा दिवस वाईट असतो. आपली खाते तेव्हा म्हणतात, यांचं हे असंच. मी आयुष्यभर हेच ऐकलं. माझ्या पोरीचं असं काही मी माझ्या हातानं कुणाला देणार नाही."

त्यांचा आवाज खरा होता. पण समोर तृप्ती बसली होती. तिच्या ताटातला भात तसाच होता.

"कारखान्यात कामगारांना काय शिकवता तुम्ही?" मी म्हटलं. "बोट चेपलं तरी सांगा, लपवू नका, लहान चूक लपवली की मोठा अपघात होतो. हेच ना? मग घरी उलटं का? का तिथलं शून्यही असंच लपवालपवीचं आहे?"

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोललो होतो. त्यांनी ताट सरकवलं आणि उभे राहिले. "माझ्या घरात बसून, माझं अन्न खाऊन तू मला शिकवतो? तुला इथं कोणी आणलं?"

"तुम्हीच आणलं. दर वेळी सांगता."

"अरे, मग लाज बाळग!"

"पप्पा," तृप्ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "मला फक्त लिंक पाहिजे. संडेला त्या दुसरी मुलगी घेतील."

भाऊजी खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता निघालं सगळं मोडीत. मग पाठमोरेच म्हणाले, "ठीक आहे. पाठवतो. आवाज काढून पाठवतो."

"आवाज पाहिजे त्यांना," तृप्ती म्हणाली.

"चित्र दिसतं ना? मग आवाज कशाला लागतो?"

"माझा आवाज ऐकायचाय त्यांना. मी डिफेन्सला कशी बोलते ते."

"आवाज जाणार नाही!" ते गरकन वळले. "गोल दाखव, चार दाखव, चाळीस दाखव. आवाज जाणार नाही, सांगून ठेवतो!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. चार गोलांचं दुःख होतंच, पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं भांडं आता उघडं पडलं होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये पोरीच्या आवाजापेक्षा मोठा आवाज कुणाचा होता, ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. फोन गोलमागे होता, आणि फोनला खेटून भाऊजी होते. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी ताई बोलली. वीस वर्षांत मी तिला नवऱ्याला आडवं येताना पाहिलं नव्हतं.

"तेव्हा अख्ख्या मैदानानं ऐकलं," ती म्हणाली. "मी ऐकलं. पोरीनं ऐकलं. आता आणखी एका बाईनं ऐकलं, तर काय बिघडतं?"

भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही भिंतच बोलली. मग त्यांनी फोन सोफ्यावर फेकला आणि बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलं. तृप्तीनं फोन उचलला. मॅच इंटरनेटवर चढायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात आम्ही तिघं तिथंच बसून होतो, आणि ताईनं भाऊजींच्या ताटावर ताट झाकून ठेवलं.

रविवारी संध्याकाळी कोचचा व्हिडिओ कॉल यायचा होता. तिथं सकाळ असते. इथं रविवार कामाचा दिवस, म्हणून मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून गेलो. वर्षातून दोनदा तरी खोटं कारण सांगण्याचा हक्क विम्याच्या माणसालाही आहे. मेलिसानं आधीच लिहून कळवलं होतं, मला तृप्तीशी एकटीशी बोलायचंय. भाऊजींना हेही झोंबलं. "बापाला बाहेर काढून पोरीशी काय बोलायचं असतं?" तरी ते बाहेर राहिले. म्हणजे स्वयंपाकघराच्या बोळात, तिच्या खोलीच्या दाराला कान लावून. मी आणि ताई ओट्यापाशी. दार जेमतेम लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

मेलिसानं आधी अभ्यासाचं विचारलं. मग तिसऱ्या गोलचं विचारलं. तृप्ती म्हणाली, माझी चूक, मी एक पाऊल पुढे होते. बोळात भाऊजींनी कपाळावर हात मारला.

"प्रत्येक गोलनंतर तू एक शब्द म्हणतेस. तो काय आहे?"

"खलास. म्हणजे संपलं. इथं सगळे म्हणतात."

"आणि मागे तो माणूस कोण आहे? पूर्ण वेळ ओरडणारा."

बोळात भाऊजींची मान माझ्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितल्यासारखं पाहिलं. काय मागत होते देव जाणे. मी काही दिलं नाही.

"कॅमेरामन," तृप्ती म्हणाली.

मेलिसा हसली. "तो काय बोलतो ते मला कळलं नाही. पण मी ती मॅच दोनदा बघितली ती त्याच्यामुळे. आमच्याकडे दुसऱ्या कॉलेजची पोरं गोलमागे उभी राहून गोलकीपरला नको नको ते बोलतात. ऐकूनही न ऐकल्यासारखं खेळायचं, हे मी दर वर्षी नव्या मुलीला शिकवते. अर्ध्या जणी रडतात. तू एकदाही मागे वळली नाहीस. हे कुठे शिकलीस?"



"घरी," तृप्ती म्हणाली.

जागा तिला मिळाली. काही खेळाचे पैसे, काही मार्कांचे, असं जोडून कागद आठवड्याभरात आले. तृप्ती आईच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्या. बापाच्या ती पाया पडली. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ. मी म्हटलं होतं ना?" काय म्हटलं होतं, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात पेढे वाटले. मला स्वतःहून फोन केला. "कोचनं विचारलं, हे कुठे शिकलीस? पोरगी म्हणाली, घरी!" हेच त्यांनी शेजारच्या धनेशला सांगितलं, मस्कतच्या मराठी मंडळात सांगितलं, बुलढाण्याला भावाला सांगितलं. जिथं जाल तिथं 'घरी'. माझा संताप संताप झाला. एवढी सणसणीत बसलेली चपराक हा माणूस पदकासारखी छातीवर लावून हिंडत होता. मी ताईला म्हटलं, यांना कळलं नाही, की कळून वेड पांघरतात? ताई म्हणाली, "तुला काय वाटतं?" मला वाटत होतं, नाही कळलं. माझी पैज होती.

जानेवारीत तृप्तीची शाळेकडून शेवटची मॅच होती, बोर्डाच्या परीक्षेआधीची. सोहारलाच. भाऊजींनी नेहमीसारखा गोलमागे स्टँड लावला, फोन बसवला, रेकॉर्डिंग चालू केलं. मी लांब दुसऱ्या टोकाला जागा धरली, कानाला त्रास नको म्हणून. मग बघतो तर काय, भाऊजी तिथून निघाले. मैदानाच्या कडेनं चालत गेले, फाटकातून बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये आपल्या गाडीत जाऊन बसले. काचा वर. एसी चालू. अख्खी मॅच ते तिथं बसून होते. तिथून मैदान दिसत नाही, फक्त शाळेची भिंत दिसते.

म्हणजे त्यांना कळलं होतं. त्याच दिवशी, त्या बोळातच कळलं असणार. मी पैज हरलो. म्हणून ते मला आवडायला लागले, असं मात्र मुळीच नाही.

मी उठून गोलजवळ येऊन बसलो होतो. मॅच छान झाली. मागून आवाज नाही, गोंधळ नाही. पहिल्या हाफच्या शेवटी एक गोल गेला, कुणालाही गेला असता असा. तृप्तीनं जाळीतून बॉल काढला. 'खलास' म्हणाली नाही. बॉल हातात धरून ती उभी राहिली, आणि मागे वळली.

मागे फक्त स्टँडवरचा फोन होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. सादियानं हाक मारली तेव्हा कुठे पुढे वळून तिनं बॉल मारला.

भाऊजी तिची प्रत्येक मॅच रात्रीच्या जेवणाआधी पूर्ण बघतात, ही त्यांची सवय आहे. दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या ॲसिडिटीची चौकशी केली. मग म्हणाले, "अश्विन, तो गोल झाल्यावर तिनं मागे काऊन पाह्यलं?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तिला विचारा."

ऑगस्टमध्ये ती ओहायोला जाईल. भाऊजींनी तिला अजून विचारलेलं नाही.